क्रेन आली

सामान हलवण्याच्या धंद्यात टोपणनाव पडायला फार काही करावं लागत नाही. हिने एकदा दुहेरी दाराचा फ्रिज पाठीवर घेऊन एकटीने चार मजले चढवला आणि त्याच दिवशी हिचं नाव क्रेन पडलं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि अख्खं जग तिला मुलगा समजत होतं. नाव ठेवलं तिच्या सख्ख्या मामाने. टेम्पो त्याचा, धंदाही त्याचाच.

आता गंमत बघा. आपल्या भाषेत क्रेन ही ‘ती’ क्रेन. त्यामुळे सकाळी टेम्पोपाशी जमलेले गडी बिनदिक्कत विचारायचे, “क्रेन आली का?” दुपारी डबे उघडताना, “क्रेन जेवली का?” आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसायचे. ती हसायची नाही. ‘आली’, ‘जेवली’ हे दोन शब्द ती घरी जाईपर्यंत जपून ठेवायची. दहा वर्षं तिला चारचौघांत बाईचं म्हणून एवढंच मिळत होतं, आणि ते मिळत राहावं म्हणून ती लोकांची कपाटं उचलत होती.

मग अकरा महिन्यांपूर्वी तिने हार्मोनचे उपचार सुरू केले. मामाला टेम्पोतच सांगितलं, सिग्नलला थांबले असताना. मामाने सगळं ऐकून घेतलं, गिअर टाकला आणि म्हणाला, “बरं.” बस्स. त्यानंतर त्याने असं काही बोलायला सुरुवात केली की व्याकरणाच्या मास्तरांनी हात जोडावेत. “जेवण झालं का?” “उद्या येणं होईल ना?” “ते दोर द्यायचे जरा.” एरवी वाक्यागणिक दोन शिव्या घालणारा माणूस सरकारी नोटिशीसारखा बोलू लागला. ‘रे’ म्हणायची त्याला चोरी झाली होती आणि ‘गं’ काही तोंडातून निघत नव्हतं.

पहिले तीन-चार महिने तिचे वाईट गेले. दुपारचे तीन वाजले की अंगातलं सगळं त्राण जायचं आणि ती गुंडाळलेल्या गाद्यांवर डोकं टेकायची. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, लोह कमी निघालं, ते भरून काढलं, आणि एका गोळीचं प्रमाण खाली आणलं. हळूहळू झोप लागायला लागली, सकाळी आपोआप जाग यायला लागली. दिवसभर पुरेल अशी हुशारी परत आली. दंडातली ताकद मात्र गेली ती गेलीच. पूर्वी एका हाताने उचलायची ती खोकी आता पोटाशी धरावी लागत होती.

आणि डोकं? वरच्या मजल्यावरचा शेजारी वर्षानुवर्षं दिवसभर खुर्च्या ओढत असावा, आणि एके दिवशी तो घर सोडून जावा, तसं तिच्या डोक्यात झालं होतं. किती शांत! अर्धवट टाकलेली पुस्तकं तिने वाचून संपवली. नुसती खोली बघून कुठलं सामान आधी न्यायचं ते तिला कळू लागलं. तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, “या गोळ्यांनी अक्कल वाढते का हो?”

“वाढत असती तर मीच रोज दोन घेतल्या असत्या,” बाई म्हणाल्या. “काहींना मोकळं वाटतं, काहींना उलट जड वाटतं. थोडा भाग औषधाचा असेलही, खात्रीने कुणी सांगू नये. पण आपण लोकांना कसे दिसतोय यावर तुम्ही जन्मभर पहारा देत होतात. तो पहारेकरी आता रिकामा झालाय. दुसरं काहीतरी काम करतोय बिचारा.”

हे सगळं मामाला कोण सांगणार? त्याला दिसत होते ते बारीक झालेले दंड. त्याने एक पैलवान कामावर घेतला, खरोखरचा, चाळिशीचा, आखाडा सोडलेला. आणि गेल्या आठवड्यात खाली बघत म्हणाला, “सोमवारपासून ऑफिसात टेबल टाकलंय. फोन घ्यायचे. बसून काम.” प्रेमाने म्हणाला, म्हणून जास्तच लागलं. टेबलाला कोण क्रेन म्हणेल? दोन महिने झाले, कुणी म्हणतही नव्हतं. ती म्हणाली, “शनिवारचं काम होऊ दे, मग बघू.” मामा म्हणाला, “ते कपाट वर गेलं, तर विचार करता येईल.”

शनिवारचं काम म्हणजे गणिताच्या एका निवृत्त बाईंचं बिऱ्हाड. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बाईंच्या आईचं एक कपाट. सबंध लाकडाचं, कुठेही न सुटणारं, दोन माणसं आत उभी राहतील एवढं.

खोकी, पलंग, पुस्तकं बाराच्या आत वर गेली. मग कपाट निघालं. खालून पैलवान, वरून मिशा पिळणारा जुना गडी आणि ती. पहिल्या मजल्यावरच तिच्या बाजूचं टोक हातातून निसटू लागलं.

“ताई, सोडा तुम्ही, मी घेतो,” पैलवान म्हणाला. तो नवा होता, त्याने तिला पहिल्या दिवसापासून ताईच म्हटलं होतं. मामा उगीचच खोकला.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट अडकलं. एक टोक समोरच्या भिंतीला, दुसरं कठड्याला. पैलवानाने जोर लावला, भिंतीचा पोपडा पडला. मिशावाल्याने जोर लावला, कठडा करकरला. अर्धा तास झाला. कपाट ना वर जाईना, ना खाली येईना.

“अहो, फोनवर तुम्ही म्हणाला होतात ना, आमच्याकडे घरची क्रेन आहे म्हणून?” बाईंनी वरून विचारलं. हा मामाचा जुना विनोद, तो सगळ्याच गिऱ्हाइकांना ऐकवायचा.

मामा गडबडला. “होती... म्हणजे आहे. सध्या दुरुस्तीत आहे.”

वर्षभरापूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर तिने डोळे मिटून खांदा लावला असता, मग भिंत जावो नाहीतर पाठ. आज ती चार पायऱ्या वर गेली आणि बसली. डोळ्यांत पाणी होतं, तरी डोकं स्वच्छ होतं. तिने कपाटाकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. त्या भिंतीत एक दार होतं. कपाटाचं टोक ज्या दाराला टेकलं होतं, ते दार कुणीही अजून उघडून बघितलं नव्हतं!

ती खाली उतरली आणि कपाटाखालून हात घालून तिने बेल दाबली. दार आत उघडलं. एका गालाला साबण लावलेले काका दारात उभे.

“काका, आमचं कपाट दोन फूट तुमच्या घरात येऊ दे का? लगेच परत जाईल.”

काकांनी कपाट नीट बघून घेतलं. “चहा घेईल का ते?”

ती हसली, मग सगळ्यांकडे वळून मोठ्याने म्हणाली, “माझ्याच्याने हे उचलवणार नाही. पण कसं जाईल ते मला दिसतंय. मी इथून सांगते, तेवढंच करा.” हे पहिलं वाक्य आजवर तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. निघालं, आणि काही बिघडलं नाही.

“पैलवान, काकांच्या घरात ढकला. अजून. अजून वीतभर. थांबा! मिशावाले, तुमचं टोक उचलून कठड्याच्या वर घ्या. आता दोघं मिळून घड्याळाच्या काट्यासारखं फिरवा. सावकाश. मामा, तू कशाला हात लावू नकोस, नुसता उभा राहा.”

मामा नुसता उभा राहिला. कपाट वळलं. आपलंच घर असल्यासारखं वळलं, काकांच्या दारातून मागे आलं आणि पुढच्या जिन्याला लागलं. काका साबणाच्या तोंडाने टाळ्या वाजवत होते. पाच मिनिटांत ते कपाट बाईंच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकलं.

बाईंनी सगळ्यांना पाणी दिलं आणि कपाटावरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांना आठवलं. “काय हो, तुमची ती क्रेन दुरुस्त होऊन कधी येणार? खालच्या मजल्यावर आमच्या ओळखीच्यांना लागणार आहे.”

मामाने ग्लास खाली ठेवला. “आली की,” तो म्हणाला. “ही काय, पाणी पितेय.”

मिशावाल्याने चमकून मामाकडे पाहिलं. क्रेन या शब्दामागे लपायची मामाला या वेळी गरज नव्हती, त्याचं बोट सरळ तिच्याकडे होतं.

जिना उतरताना मामा तिच्या पुढे होता. मागे न बघता म्हणाला, “सोमवारी सात वाजता ये गं. चौथ्या मजल्यावर पियानो न्यायचाय.”

“आणि टेबल? फोन कोण घेणार?”

“मी घेईन. मला हल्ली जिने चढवत नाहीत.” दोन पायऱ्या उतरून तो थांबला. “कुणाला सांगू नकोस गं.”

“नाही सांगत,” ती म्हणाली, आणि उरलेला जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरली.