वाफताईंचे पाच नर

मॅडमनी चूक कबूल केली. स्वतःच्या तोंडानं, पूर्ण शुद्धीवर असताना, वाफताईंच्या दारात उभं राहून. पण दवाखान्यात जे कागदावर नाही ते घडलेलं नसतं. तेव्हा आपणही ते घडलंच नाही असं धरून चालू.

तर, अठराव्या दिवशी सकाळी वाफताई उबवणीच्या यंत्रासमोर स्टूल टाकून बसल्या होत्या आणि आतल्या चोवीस अंड्यांपैकी एकही हलत नव्हतं.

"आत कुणी असेल असं वाटत नाही," नवरा म्हणाला. तो त्याच दवाखान्यात लिफ्टमन होता. बंद दाराआड कुणी आहे की नाही, याचा त्याला अंदाज असे.

अंडी बटेराची होती. लिंबाएवढी, तपकिरी ठिपक्यांची. पक्षी पाळायची हौस वाफताईंना नव्हती. कावळा खिडकीत बसला तरी त्या खिडकी पुसून घेत. त्यांना सूड घ्यायचा होता, आणि क्वार्टर्सच्या नियमावलीत कुत्रा, मांजर, कोंबडी, पोपट या सगळ्यांना मनाई असली तरी बटेराचं नाव लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं.

सव्वीस वर्षं त्या दवाखान्याच्या निर्जंतुकीकरण खात्यात होत्या. कात्र्या, चिमटे, सुया, सगळं ऑटोक्लेव्हच्या वाफेत घालायचं, वेळ भरू द्यायची आणि मगच झाकण उघडायचं. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एक जंतू जिवंत सुटला नव्हता. वाफताई हे नाव सर्जननी ठेवलं होतं आणि ते त्यांनी पदवीसारखं वागवलं.

मग एका सकाळी सुपरवायझर मॅडम आल्या. ऑपरेशन खोळंबलंय, ट्रे काढा म्हणाल्या. वाफताईंनी घड्याळ दाखवलं. अजून अकरा मिनिटं बाकी होती. मॅडमनी घड्याळाकडे न बघता सांगितलं, "मी सांगतेय ना, काढा." काढला. पुढच्या आठवड्यात तीन पेशंटांचे टाके पिकले, चौकशी बसली, आणि मॅडमनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं की संबंधित कर्मचाऱ्यानं निष्काळजीपणा केला. अकरा मिनिटांचा कुठं उल्लेख नव्हता. संबंधित कर्मचाऱ्याला कपड्यांच्या खिडकीवर चादरी मोजायला पाठवलं. तिथे येणारीजाणारी माणसं विचारत, "वाफताई, तुम्ही इथं कशा?" आणि उत्तर आधीच माहीत असलेल्या चेहऱ्यानं उभी राहत.

या मॅडम शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहत. एकट्याच. मधली भिंत इतकी पातळ की तिकडून शिंक आली की इकडचा नवरा झोपेत "सत्यानाश" म्हणे. मॅडमना आवाजाचा भयंकर त्रास. ऑफिसातलं घड्याळ टिकटिक करतं म्हणून त्यांनी ते काढून न्यायला लावलं होतं. मॅडमची उशी जिथं होती, त्याच्या बरोब्बर पलीकडे वाफताईंची मागची गॅलरी येत होती. देव एखाद्याला एवढं आयतं नकाशावर काढून देतो म्हटल्यावर माणसानं मागं हटू नये.

अंडी विकणाऱ्याकडे त्या परत गेल्या. तो आधीच त्यांना बिचकून होता, कारण जगातली सगळी गिऱ्हाइकं त्याच्याकडे माद्या मागत आणि या बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, नर किती निघतील. नराचा उपयोग काय, असं त्यानं विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "ओरडतात ना?"

आता त्यानं तपमान विचारलं, ओलावा विचारला, अंडी दिवसातून किती वेळा फिरवली ते विचारलं. सगळं बरोबर होतं. वाफताईंनी तक्ताच आणला होता, दर तासाच्या सहीसकट. शेवटी त्याला काय सुचलं कोण जाणे.

"ताई, अंडी धुतली होती का?"

"म्हणजे काय! गरम पाण्यानं, साबणानं, मग जंतुनाशकात वीस मिनिटं."

अंडीवाल्यानं तक्ता घडी करून परत दिला. मग त्यानं सांगितलं की अंड्यावर एक न दिसणारा पापुद्रा असतो, तोच पिल्लाला वाचवतो. तो घासून काढला की संपलं. "धुऊन मारलीत तुम्ही," तो म्हणाला, पण हळू.

दुसऱ्या खेपेची चोवीस अंडी वाफताईंनी तशीच, वाळलेल्या शिटेसकट, यंत्रात मांडली. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. सुडासाठी माणसं काय काय सोसतात. वाफताईंनी घाण सोसली.

सतराव्या दिवशी दुपारी एका अंड्याला तडा गेला. नवऱ्यानं रजा टाकली. संध्याकाळपर्यंत दहा पिल्लं बाहेर पडली होती, भुंग्याएवढी, ओली, रागावलेली. अकराव्याची चोच भोकातून दिसत होती आणि काही केल्या पुढं सरकत नव्हती.

"अगं, झाकण उघड की जरा. बोटानं टरफल काढू," नवरा काकुळतीला आला.

"नाही."

"मरेल ते."

"उघडलं तर आतली ओल जाईल. अजून चार तडकतायत, ती सुकून चिकटतील." वाफताईंनी झाकणावर हात ठेवला. "एकदा कुणाच्या सांगण्यावरून वेळेआधी उघडलंय मी. आता नाही."

चारही निघाली. अकरावं राहिलं. वाफताईंनी ते नंतर कपड्यात गुंडाळलं आणि सवयीनं त्यावर तारीख घातली.

पुढचे दिवस धावपळीचे गेले. बशीभर पाण्यातही ही पिल्लं बुडतात असं कळल्यावर त्यांनी बशीत खडे घातले, अर्थात उकळून. वर्तमानपत्रावर पाय फाकतात म्हणून बाद झालेली चादर अंथरली. उबेसाठी लावलेला बल्ब रोज थोडा वर घ्यायचा होता. ते काम लिफ्टमननं आपणहून मागून घेतलं. माया लावायची नाही असं ठरल्यामुळे पिल्लांना नावं नव्हती. तिसऱ्या आठवड्यात पाच जणांची छाती तांबूस झाली. पाच नर. वाफताईंनी त्या दिवशी घरात गोड केलं आणि नवऱ्याला कारण सांगितलं नाही.

सहाव्या आठवड्यात, पहाटे, पहिला ओरडला. गंजलेल्या बिजागरीत बेडूक सापडावा तसा तो आवाज होता. मग दुसरा, मग पाचही. वाफताई अंधारात अंथरुणावर बसून भिंतीकडे बघत राहिल्या. सव्वीस वर्षांत त्या एवढ्या शांत कधी बसल्या नव्हत्या.

सकाळी बेल वाजली. दारात मॅडम होत्या आणि खाली सामानानं भरलेला टेम्पो. बढती झाली होती, मुख्य कार्यालयात, दुसऱ्या शहरात. किल्ली शेजारी ठेवायची होती.

"पक्षी पाळलेत का?" मॅडमनी विचारलं. "महिनाभर चिवचिव ऐकतेय. आज पहाटे तर किती गोड ओरडले. मला रात्री झोप लागत नाही हो. ते ऐकता ऐकता डोळा लागला."

वाफताईंच्या हातात किल्ली तशीच राहिली.

"तो ट्रे तुम्ही काढायला लावलात," त्या म्हणाल्या.

मॅडमनी टेम्पोकडे पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या. "मीच लावला." आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन खाली उतरल्या.

नवरा आतून म्हणाला, कबूल केलं ना, आणखी काय हवं. वाफताईंनी कागद घेतला, समास आखला आणि त्या लिहायला बसल्या.

"मा. अधीक्षक यांस, सविनय सादर. सुपरवायझर मॅडम यांची बढती बदली आठ दिवसांकरिता स्थगित करून, त्यांना पूर्वीच्याच क्वार्टरमध्ये पूर्वीच्याच भिंतीकडे डोके करून झोपण्याचे आदेश व्हावेत. अर्जदाराचे त्यांच्याकडील काम अपुरे राहिले आहे. अर्जदाराने उबवलेले पक्षी त्यांना आवडल्याचे निदर्शनास आले असून, अन्य पक्षी उबवून देण्यास अर्जदार स्वखुशीने तयार आहे. करिता, नेमका कोणता आवाज त्यांना सहन होत नाही, हे मॅडमकडून स्वहस्ताक्षरात लिहून घेऊन त्याची प्रत अर्जदारास मिळावी, ही नम्र विनंती."