इयत्ता आठवी, बी पॉझिटिव्ह

डॉक्टर हिमानी गावात आल्या त्या दिवसापासून मला ती बाई खटकत होती. गरोदर बायकांचे रक्तगट आणि दगावलेली बाळं यांवर त्यांचं संशोधन चाललं होतं. असे लोक मी पुष्कळ पाहिलेत. चहा पितात, वहीत नावं टिपून नेतात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत.

"गुर्जी, आमच्या पूनमचं रगत मागून राह्यली ते," शेजारच्या कोकिळाबाई म्हणाल्या. "काऊन पाह्यजे तिले? गट तं कार्डावर लिहेल हाय."

"देऊ नका," मी म्हणालो. "कुठं नेतात, काय करतात, कोण बघायला जातं?"

पूनम ही त्यांची सून आणि माझी जुनी विद्यार्थिनी. तिची पहिली मुलगी धडधाकट. दुसऱ्या वेळी आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. आता पुन्हा सातवा लागला होता, आणि सगळं घर जीव मुठीत धरून होतं.

त्याच दिवशी धाड गावच्या बाजारातून येऊन पिशवी टेकवतो तोच डॉक्टर दारात हजर.

"सर, तुम्ही आठवीचे वर्गशिक्षक होतात ना? तुमच्या एका वर्गातल्या एकोणीस जणी मला सापडल्या. गरोदरपणाच्या कार्डावर सगळ्यांचा गट बी पॉझिटिव्ह. असं होत नाही, सर."

"दवाखान्याची चूक असेल. शाळेचा काय संबंध?"

"तिथं गट कुठून आला ते मी विचारलं. बहुतेकींनी शाळेचं ओळखपत्र दाखवलं होतं. त्यावरून कार्डावर, त्या कार्डावरून पुढच्या."

बाई आजारावर संशोधन करतेय की माझ्यावर, हेच कळेना. त्या वर्षी ती ओळखपत्रं संध्याकाळपर्यंत द्यायची होती, रक्तगटाचा रकाना कोरा चालणार नव्हता. माझा स्वतःचा गट बी पॉझिटिव्ह, म्हणून तोच सुचला. एका बैठकीत एकेचाळीस मुली उरकल्या. अक्षर मात्र सुरेख काढलं होतं.

"समजा एखादी निगेटिव्ह निघाली, तर काय होतं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असलं, तर आईचं शरीर बाळाच्या रक्तावर उठतं. पहिलं मूल बहुधा सुटतं, पुढच्यावर बेततं. पहिल्या बाळंतपणानंतर लगेच एक इंजेक्शन दिलं की टळतं. पण कार्डावर पॉझिटिव्ह असेल, तर ते कोण देणार? पूनमचा गट आज कळला, तर अजून हातात वेळ आहे. पण ती नाही म्हणते. सर, ते गट तपासून लिहिले होते?"

"इतक्या वर्षांपूर्वीचं मला आठवत नाही," मी म्हणालो.

त्या गेल्या. मी चहा ठेवला, तो उतू गेला. खोटं बोलून झालं होतं, आता नुसतं बसायचं होतं, पण बसवेना. स्वतःची अशी किळस मला कधी आली नव्हती. चपला न घालताच मी शेजारच्या अंगणात गेलो. डॉक्टर तिथं पूनमपाशी होत्या, बॅग आवरत होत्या, आणि कोकिळाबाई ठसक्यात सांगत होत्या, "आमच्या गुर्जींनं लिहेल हाय ते. ते खोटं कायले लिहतीन?"

"खोटंच लिहिलंय," मी म्हणालो. "न तपासता. सगळ्या वर्गाला माझाच गट लावला. पूनम, रक्त दे, बाई."

पूनमनं बाही वर करून हात पुढं केला. डॉक्टरांनी सुई लावली, नळीवर तिचं नाव लिहिलं आणि गटाची जागा कोरी ठेवली.

"सर," हातावरचा कापूस दाबत पूनम म्हणाली, "माह्या पोराच्या मातीले तुम्ही आलते ना?"

"आलो होतो."

"तवा तुम्हीच म्हणले होते, देवाची मर्जी."