सात नंबरची नाडी

“शिष्टर, सात नंबरचा गडी पडून हाय, मग त्याची नाडी पळती कशी?”

बनुबाई फरशी पुसता पुसता स्क्रीनसमोर थांबली होती. सविता सिस्टर त्याच सात नंबरच्या डिस्चार्जचा कागद भरत होत्या.

“मावशी, तुम्ही फरशीकडं बघा,” त्या हसून म्हणाल्या.

श्रीरामपूरच्या या दवाखान्यात बनुबाईची बावीस वर्षं फरशी आणि चादरींत गेली होती. पेशंटच्या छातीला पट्टी चिकटवली, की नाडी आणि श्वास बिनतारी स्क्रीनवर दिसतात, ही सोय दोन महिन्यांपूर्वी आली. स्क्रीनला हात लावायची बनुबाईला बंदी होती. बघायला कोणाची बंदी? चौथी शिकलेल्या माणसाला आकडे वाचता येतात, आणि नको तिथं लक्ष घालायची तिला खोडच होती.

सात नंबरवर वाल्मिक होता, पाथर्डीकडचा ऊसतोड कामगार, न्यूमोनिया झालेला. कालपासून त्याचे आकडे इतके छान होते, की डॉक्टरांनी घरी सोडायला सांगितलं होतं. आता नाडी एकदम एकशे बारा, आणि हा घोंगडी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलेला. तेवढ्यात त्याची बायको गोजरबाई पाण्याचे दोन कॅन घेऊन जिना चढून आली आणि खाटेशी टेकली. आकडा उतरू लागला. शंभर. नव्वद. ऐंशी.

बनुबाईने फडकं टाकलं आणि तिच्यापाशी गेली.

“पोलक्यात काय लपवलंय गं?”

गोजरबाईला रडूच फुटलं. “ह्यान्ची पट्टी हाय, म्या लावलीय. टोळी उद्या सोनईच्या कारखान्याला चालली, मावशी. मागं ऱ्हायलो तर मुकादम दुसरी जोडी घेतोय. डाक्टर त्या टीव्हीकडंच बघत्यात. म्हनलं, माझं चांगलं दिसलं तर ह्यान्ला सोडतील. ताप बी उतरला हुता.”

बनुबाईने घोंगडी बाजूला केली. वाल्मिकची छाती भात्यासारखी हलत होती.

“शिष्टर, लवकर या. ह्याला घरी न्हाई धाडायचं.”

सविता सिस्टरांनी कागद तसाच टाकला आणि धावत येऊन ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, सोडला असता तर वाटेतच गेला असता. तिसऱ्या दिवशी वाल्मिक उठून बसला. सिस्टर येईल त्याला सांगत होत्या, “आमच्या बनुबाईंनी पकडलं.” बनुबाई ऐकलं नाही असं दाखवत होती, पण अभिमानाने एकच फरशी तीनदा पुसत होती.

गोजरबाई मात्र सगळ्यांची बोलणी खाऊन मान खाली घालून होती. दुपारी तिने हळूच विचारलं, “मावशी, डाक्टरांनी चांगले म्हनले ते आकडे माझे हुते ना?”

“तुझेच. डाक्टर म्हनले, लई झकास चाललंय.”

जन्मभर ऊस तोडलेल्या त्या बाईच्या अंगाचं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि नवऱ्याकडे वळली.

“ऐकलं का? माझं काळीज एक नंबर हाय.”

“ते मला ठावं हाय,” वाल्मिक म्हणाला, आणि सरकून त्याने तिच्यासाठी खाटेवर जागा केली.