थोरलीचं ॲव्हरेज

"काका, तीन पॉइंट एक. लिटरला तीन किलोमीटर!" चिरंजीवांनी वही टेबलावरून माझ्याकडे सरकवली. "ही गाडी आहे की रणगाडा हो?"

"जुनी गाडी आहे साहेब. वय झालं तिचं."

"गेल्या वर्षी नव्हतं झालेलं वय? तेव्हा सहा देत होती. मेकॅनिकला दाखवली, तो म्हणतो इंजिन ठणठणीत आहे. मग पेट्रोल जातं कुठं?"

कुठे जातं ते मला चांगलं ठाऊक होतं. 

चिरंजीव म्हणजे आमच्या मोठ्या साहेबांचा एकुलता एक मुलगा. तोंडावर मी त्याला साहेब म्हणतो, मनात चिरंजीव. दप्तर उशाला घेऊन मागच्या सीटवर झोपणाऱ्या या पोराला मी सात वर्षं शाळेत सोडलं आहे. आता घरचे सगळे हिशेब त्याच्या हातात आले होते आणि त्याने नवा कायदा काढला होता. दर शनिवारी टाकी फुल करायची, पावती लावायची, मीटरचा आकडा लिहायचा.

बंगल्यात दोन गाड्या. चिरंजीव चालवतो ती छोटी नवी, ती धाकटी. आणि तेवीस वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांनी हौसेने घेतलेली ही लांबलचक काळी, ती थोरली. थोरली म्हणजे पांढरा हत्ती, खोटं कशाला बोलू. शहरात सहा, हायवेला नऊ, त्यापुढे ती कधी गेली नाही. ऑइल बदलायचं तर आठ लिटर. चार टायर घ्यायचे तर तेवढ्या पैशात कुणाची तरी जुनी स्कूटर आली असती. आरशाची काच फुटली तेव्हा चार महिने भंगारवाल्यांच्या पाया पडत होतो. पण चालू केली की इंजिनाचा आवाज म्हणून नाही. चालू आहे की बंद, ते बघायला बॉनेटवर हात ठेवावा लागतो. अशी गाडी मी पुन्हा पाहिली नाही.

दीड वर्षापूर्वी मोठ्या साहेबांना झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं जरा जड झालं, डोकं मात्र शाबूत. इस्पितळातून घरी आल्यावर तीन आठवड्यांत या माणसाने गुपचूप किल्ली घेतली, काठी टेकत गॅरेजपर्यंत गेला आणि थोरली फाटकाच्या खांबावर घातली. चिरंजीवांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "पुन्हा बाबांचा हात स्टिअरिंगला लागलेला कळला, तर त्याच दिवशी गाडी विकून टाकणार."

मग खोलीत कॅमेरा आला, हॉलमध्ये आला, व्हरांड्यात आला. सगळं काळजीपोटी. तो वाईट मुलगा नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. थोरली राहिली ती फक्त तिचं दार रुंद म्हणून. आठवड्यातून तीनदा साहेबांना व्यायामासाठी इस्पितळात न्यायचं, आणायचं. बाकी वेळ ते खिडकीशी आणि ती गॅरेजात, दोघंही जागच्या जागी गंजत होते.

पाच महिन्यांपूर्वी एका दुपारी साहेब म्हणाले, "मला गॅरेजात ने. तिथं कॅमेरा नाही."

कॅमेऱ्यात दिसलं तरी फिरायला नेतोय असं वाटावं, म्हणून चाकाच्या खुर्चीत बसवून नेलं. म्हणाले, "पुढं बसव. माझ्या जागी नाही, तुझ्या."

"साहेब, नको. माझी नोकरी जाईल."

"चालवणार नाही रे. नुसता बसणार. तुझ्या मुलांची शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस म्हणून."

मी शपथ घेतली. दोन्ही चाकांखाली विटा लावल्या, हँडब्रेक ओढला, गॅरेजची दारं सताड उघडली, बगलेत धरून त्यांना स्टिअरिंगमागे बसवलं. त्यांनी उजव्या हाताने किल्ली फिरवली. काटे उठले. मी शेजारी बसायला गेलो तर ओरडले, "इथं कुठं? मागं बस. मागं, माझ्या जागेवर."

तेवीस वर्षांत त्या सीटवर मी फडका मारला होता, बसलो कधी नव्हतो. अंग चोरून बसलो. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठं जायचं, साहेब?"

म्हटलं, "ऑफिसला."

"हात्तेच्या! ऑफिसला काय जायचं? रोज तेच. लांबचं सांग काहीतरी."

"मग... बहिणीकडं. घाटापलीकडं असते."

"घाट! हां, आता कसं." त्यांचा पाय ब्रेकवर दाबला गेला, उजवा हात स्टिअरिंगवर अलगद फिरला. "धरून बसा साहेब, वळणं आहेत. समोरचा ट्रक बघा, साइड देत नाही हरामखोर."

"सावकाश घ्या," मी म्हणालो.

"तुम्ही घाबरू नका हो. मी आहे ना."

तासभर आम्ही त्या गॅरेजात घाट चढलो आणि उतरलो. बहिणीच्या दारात त्यांनी मला सोडलंसुद्धा. त्यानंतर शनिवार-रविवार सोडून रोज दुपारी, सूनबाईंचा डोळा लागला की आमची स्वारी निघायची. मी समुद्र सांगितला, धरण सांगितलं, ज्या गावाचं फक्त नाव ऐकलं होतं तेही सांगितलं. त्या एका तासात या माणसाचा चेहरा पूर्वीसारखा दिसायचा. एरवी त्यांना साधा शर्ट कुठला घालायचा तेही कुणी विचारत नव्हतं.

पण थोरली जागच्या जागीही तासाला दोन लिटर पिते. मीटर हलत नाही आणि टाकी उतरते. सहाची तीन झाली ती अशी.

त्या दिवशी वही बघून परत आलो आणि दुपारी गाडी बंद ठेवूनच त्यांना बसवलं. त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला आणि लगेच ओळखलं. "मेलेल्या गाडीत बसवतोस मला?" म्हणाले. आवाज असा फुटला की मीच किल्ली फिरवली.

दोन्हीकडून कोंडी. खरं सांगावं तर थोरली गेली आणि तिच्याबरोबर साहेबांचा तो तास. न सांगावं तर मी पेट्रोलचोर. तेवीस वर्षांत इकडची काडी तिकडे केली नाही मी. आणि पेट्रोलचोर म्हणून बाहेर पडलेल्या ड्रायव्हरला दुसरं दार उघडत नाही, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं.

मग मला एक शक्कल सुचली. शुक्रवारी घरी जाण्याआधी थोरली दुसऱ्या पंपावर न्यायची आणि स्वतःच्या खिशातून दहा लिटर टाकायचं. शनिवारी नेहमीच्या पंपावर टाकी फुल करायची. पावती आपोआप कमी.

"पावती कितीची बनवू?" त्या पंपावरच्या माणसाने डोळा मारून विचारलं.

"पावती नको."

"नको?" तो नळी हातात धरून बघतच राहिला. "अहो, लोक दहाचं भरून वीसची मागतात. तुम्ही कुठल्या ग्रहावरून आलात?"

बायकोला तिसऱ्या आठवड्यात पत्ता लागला. पगाराचा चौथा हिस्सा गायब झाल्यावर लागणारच. "स्वयंपाकघरातला पंखा दोन महिने बंद आहे," ती म्हणाली, "आणि तुम्ही त्या सटवीला पेट्रोल पाजताय? अहो, सरळ सांगून टाका ना खरं काय ते!"

"पोरांची शपथ घेतलीय."

"पोरांची घेतलीत, आणि पोरांनाच उपाशी मारताय." ती तोंड फिरवून भाकरी थापायला बसली.  तिचं काही चुकत नव्हतं.

महिना झाला. वहीत ओळीने आकडे आले. सहा, सहा पॉइंट एक, सहा, सहा पॉइंट दोन. चिरंजीवांनी बोलावलं तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. वाटलं, आता हा म्हणेल, काका, माफ करा, मी उगाच बोललो. मी मूर्खासारखा हसतच आत शिरलो.

खुर्चीत मोठे साहेब होते. त्यांनाही मुद्दाम आणून बसवलं होतं.

"बाबा, हे आकडे बघा," चिरंजीव म्हणाले. "मी एकदा दम दिला, आणि गाडी सुधारली. ना पार्ट बदलला, ना मेकॅनिकने हात लावला. गाडी कुणाच्या दमाला भिते का?" मग माझ्याकडे वळले. "तुम्ही मला शाळेत सोडायचात. म्हणून पोलिसांत जात नाही. फक्त एकदा कबूल करा."

माझेच दहा दहा लिटर माझ्या अंगावर ओतले गेले होते. त्या आकड्यांत काय लपलं आहे हे खोलीत दोनच माणसांना कळू शकत होतं, आणि त्यातल्या एकाला मी पैसे घातल्याचं माहीत नव्हतं. पण मी चोर नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

मी साहेबांकडे पाहिलं. एक वाक्य पुरे होतं. माझ्यामुळे जळलं पेट्रोल, एवढंच. त्यांचे ओठ हलले. उजवा हात खुर्चीच्या दांडीवर आवळला गेला. ज्या माणसाच्या आवाजाने दोनशे कामगार उभे राहायचे, तो आपल्या मुलाकडे भेदरून बघत होता. मग त्याने नजर खिडकीकडे वळवली.

मला राग आला. इतका आला की सगळं ओकून टाकावंसं वाटलं. तोंड उघडलंही. पण समोर तो हात दिसत होता, दांडीवर आवळलेला. रोज दुपारी तोच हात घाटातली वळणं किती हलक्या हाताने घ्यायचा.

"घेतलं पेट्रोल," मी म्हणालो. "चुकलं माझं."

चिरंजीवांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. म्हणाले, "मागितलं असतंत तर दिलं असतं काका." मग वहीतल्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. "गाडी राहू दे. सहा देतेय म्हटल्यावर विकायचं कारण नाही. सोमवारपासून दुसरा माणूस येईल."

दुसरा माणूस गॅरेजात कशाला कुणाला बसवेल? थोरली फक्त इस्पितळात जाईल आणि येईल. दर शनिवारी ती बरोबर सहा देईल. आणि दर शनिवारी वहीत मी पुन्हा चोर ठरेन.

किल्ली टेबलावर ठेवली. तिचं कातडी पाकीट माझं होतं, तेही राहू दिलं. जाण्याआधी गॅरेजात जाऊन चाकांमागच्या विटा उचलल्या आणि कुंपणाशी ठेवल्या. नव्या माणसाने विचारलं असतं कशासाठी म्हणून.

फाटकाकडे निघालो तर व्हरांड्यात साहेबांची चाकाची खुर्ची आडवी आली. मागे सूनबाई उभ्या होत्या. साहेब माझ्याकडे बघत होते. गालावरून पाणी ओघळत होतं, ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

"कुठं जायचं, साहेब?" त्यांनी विचारलं. शब्द जड होते, पण स्पष्ट.

"अगं बाई," सूनबाई हळूच म्हणाल्या, "आता माणसंही ओळखू येईनात यांना."

मी पायातली चप्पल नीट केली. 

"घरी," मी म्हणालो. "सावकाश घ्या. घाई नाही."

साहेबांनी मान हलवली. उजवा हात खुर्चीच्या चाकावर ठेवला, आणि त्यांचा उजवा पाय खालच्या पट्टीवर हळूच दाबला गेला. मी फाटक उघडून रस्त्याला लागलो.