अकरा घरांच्या फांद्या

“आणि एकूण किती घरांतून?” मॅनेजर सुदर्शननं विचारलं.

नागमणी उभीच होती. खोलीत खुर्च्या दोनच. एकीवर तो, दुसरीवर मला बसवलेलं, कारण मी पेशंट आणि म्हातारा. एकोणीस वर्षं या लॅबसाठी जिनं हनमकोंडाच्या गल्ल्या पहाटे स्कूटरवरून पालथ्या घातल्या, तिला ‘बस’ म्हणावं असं त्याला वाटलं नाही. मला उठावंसं वाटत होतं आणि मी उठलो नाही, हेही सांगून टाकतो.

“अकरा,” ती म्हणाली. एकही लपवलं नाही तिनं.

नागमणी घरोघरी जाऊन रक्त घेते. पहाटे साडेपाचला निघते ती रात्रीच परतते. राहते एका खोलीत, जिची खिडकी शेजारच्या भिंतीकडे बघते. नवरा गेल्यापासून त्या खोलीत परतणं तिला जड जाई. “दार उघडल्यावर काहीतरी जिवंत दिसायला हवं, पंतुलू,” असं एकदा माझ्या दंडाला पट्टी बांधताना म्हणाली होती. मी शाळेत कधी शिकवलं नाही, जिल्हा ग्रंथालयात होतो. पण चष्मा आणि पुस्तक दिसलं की आमच्याकडे माणसाचा पंतुलू, म्हणजे मास्तर, होतो.

तिची तुळस उन्हावाचून गेली. मग तिनं स्नेक प्लांट आणला. तो मरतच नाही, असं नर्सरीवाल्यानं सांगितलं होतं. तिनं तीन आठवड्यांत मारला.

“पाणी किती घालायचीस?”

“सकाळी जाताना, रात्री आल्यावर. दिवसभर एकटा असतो ना बिचारा.”

“अगं, बुडवलास त्याला! मातीत बोट खुपसून बघायचं. दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी. त्याला विसरायला शीक.”

“विसरायलाही वेळ लागतो, पंतुलू. तो कुठनं आणू?”

मग मी पुस्तकं चाळून सांगितलं, की तुला मनीप्लांट बरा. बाटलीत पाणी, पाण्यात एक पेर बुडलेलं, आठवड्याला पाणी बदललं की झालं, ऊनही नको. तिची नजर माझ्या खिडकीतल्या वेलावर गेली, पण तिनं मागितला नाही. मनीप्लांट आमच्याकडे कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही; मागून आणलेला धरत नाही म्हणतात. ज्याचा आहे त्यानं पाठ फिरवायची, ज्याला हवा त्यानं खुडायचा, आणि दोघांनी गप्प बसायचं. माझ्या आईच्या वेलानं अर्धी गल्ली अशीच हिरवी झाली.

“चष्मा कुठं ठेवला बघतो,” म्हणून मी आत गेलो. चष्मा नाकावरच होता. बाहेर आलो तेव्हा ती फार गंभीर चेहऱ्यानं नळीवर माझं नाव लिहीत होती.

बारा दिवसांत मुळं फुटली, आणि तिला नाद लागला. ज्या घरी रक्त घ्यायला जाई, त्या घरच्यांनी पाठ फिरवली की एक पेर तिच्या बॅगेत. फळीवर बाटल्यांची रांग लागली. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि घराचं नाव. “रेड्डीगारूंची शीर सापडत नाही, पण वेल बघा कसा माजलाय! अमृतम्मा मात्र रुसल्यात, पान पिवळं पडलंय.”

अकरावं घर नव्या टॉवरमधलं, आठव्या मजल्यावरचं. श्रावंती मॅडमच्या दिवाणखान्यात सोनेरी स्टँडवर वेल होता. नागमणी बॅग बंद करत होती, तेवढ्यात मॅडमनी खिडकीकडे तोंड केलं आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. नागमणीला बरं वाटलं. एवढी मोठी माणसं, पण रीत पाळतात! तिनं नखानं एक पेर खुडलं.

मॅडमना फोन आला होता, एवढंच. छतावरच्या कॅमेऱ्यानं पाठ फिरवली नव्हती.

संध्याकाळी टॉवरच्या ग्रुपवर ते चित्रण आलं. खाली ओळ होती: “रक्त न्यायला येतात आणि काय काय नेतात बघा.” लगेच दुसऱ्या कुणाला आपली कर्णफुलं आठवली. ती तिच्याच कपाटात सापडली; तसं मात्र ग्रुपवर कुणी लिहिलं नाही.

सुदर्शननं कागद तयारच ठेवला होता. “‘मी चोरी केली, पुन्हा करणार नाही.’ सही कर आणि उद्यापासून कामाला ये. नाहीतर बॅग इथंच ठेव.”

तिच्या बाजूनं मी चार पानं लिहून आणली होती. खिशातून काढायला हात धजेना. शेवटी म्हणालो, “माझ्याकडूनही नेलंय तिनं. मी स्वतः पाठ फिरवली होती.”

“म्हणजे तुमच्याकडेही झालं.” त्यानं लिहून घेतलं. “तक्रार लेखी देता, सर?”

“तक्रार नाही हो! मी... मी नेऊ दिलं.”

“तिनं विचारलं होतं?”

“विचारत नसतात! तुमच्या आईला विचारा, तिच्या घरी कुठून आला ते!” माझा आवाज चिरकला. आयुष्यात मी इतक्या मोठ्यानं कधी बोललो नव्हतो, आणि बोललो ते असं, शाळकरी पोरासारखं. तिला सोडवायला आलो होतो, आणि कागदावर एका घराचं नाव चढवून बसलो.

सुदर्शननं पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. “शांत व्हा, सर. शुगर वाढेल.”

तो ग्लास त्याच्या तोंडावर फेकायला हवा होता. मी दोन घोट प्यायलो.

“राहू द्या, पंतुलू,” नागमणी म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. “घेतलं असं लिहा, सार. अकरा वेळा सही करते. मॅडमच्या पाया पडायला सांगा, पडते. पण चोरी केली असं नाही लिहिणार. ते लिहून उद्या कुणाच्या घरात शिरू मी? लोक झोपेतनं उठून दार उघडतात मला.”

“सगळे हेच म्हणतात.”

तिनं बॅग टेबलावर ठेवली. गळ्यातलं ओळखपत्र काढून तिच्यावर ठेवलं.

बाहेर बाकावर एक फार म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या. दोन्ही कोपरांवर कापूस, समोर घामाघूम झालेला टेक्निशियन. “मणी! कुठं होतीस गं? हा माझी चाळणी करतोय!”

“आज मी नाही, अम्मा.”

“मग काय उद्यापर्यंत थांबू? उपाशी आहे मी. ये मुकाट्यानं.”

सुदर्शन दारात आला होता. नागमणीनं हात धुतले, हातमोजे चढवले, आजींच्या मनगटाजवळ बोट ठेवून डोळे मिटले. मग एकदाच सुई.

“झालं?”

“झालं. पाच मिनिटं दाबून धरा.”

तिनं नळीवर नाव लिहिलं, वेळ लिहिली. नळ्या ठेवायच्या त्या आतल्या खोलीकडे दोन पावलं गेली आणि थांबली. नळी तिनं सुदर्शनपुढे धरली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली. नागमणी जिना उतरून गेली, तरी तो तसाच दारात उभा होता. नळीतलं रक्त अजून कोमट असणार.