झुंबरबाईचा अंगठा

“मी येईपर्यंत कुणाच्याही कागदावर अंगठा द्यायचा नाही, मावशी.”

घोडेगावच्या कोर्टाबाहेर आपणच हे बोललो होतो, हे सावळाराम वकिलांना आता नको तितकं स्पष्ट आठवत होतं. साल त्र्याण्णव. झुंबरबाईची भातखाचरं धरणात गेली होती आणि ती तळेघरला भावाच्या आसऱ्यानं राहत होती. बदल्यात मिळत होता खडकाळ माळ. वकिलांनी हरकत घेतली, पाटाखालची जमीन मिळवून देतो म्हणाले.

अशाच खटल्यांनी त्यांचं नाव झालं. शहाण्णवला ते खासदार होऊन दिल्लीला गेले. फायली दुसऱ्या वकिलाकडे गेल्या, पक्षकारांना निरोप द्यायचा तेवढा राहिला. पुढं एकदा सभागृहात त्यांनी धरणग्रस्तांचा प्रश्न विचारला. काही खातेदारांनी देऊ केलेली जमीन नाकारली, असं उत्तर आलं. कोण असतील हे हट्टी लोक, असं मनात येऊन ते खाली बसले.

दोन हजार चारला ते निवडणुकीत पडले. ओसरीवरची माणसं पांगली. मग एका सकाळी झुंबरबाईचा मुलगा भागू आला.

“आता गर्दी नाय, म्हनून आलो सायेब. मागं दोनदा तुमच्या मान्सांनी फाटकातूनच माघारी लावलं व्हतं.”

त्यानं सगळं सांगितलं. आळे गावात तिच्या नावानं पाटाखालची दोन एकर जमीन निघाली होती. अधिकारी तीनदा तळेघरला आले, भावकीनं समजावलं, भागूनं पाय धरले. पण अंगठा द्यायला म्हातारी मूठच उघडीना. मुदत संपली, जमीन गेली.

“वकीलसायेब येत्याल, म्हनायची. आताबी म्हनती.”

अपिलाचं बघू, असं वकील सवयीनं बोलून गेले. अपिलाची वेळ कधीच टळली होती, आणि ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

“जमिनीचं ऱ्हाऊद्या,” भागू खाली बघत म्हणाला. “तिचं काय चुकलं नाय, येवढं तिला तुमी तोंडानं सांगा. इतकी वर्सं आमी घरातली समदी तिलाच बोलत आलोय.”



“मंगळवारी येतो,” वकील म्हणाले.

मंगळवारी त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई पूजा आटोपून बाहेर आल्या, तर ते चपला घालत होते. कुणाची गाडी बोलावू का, असं त्यांनी विचारलं. ते नको म्हणाले. एसटी उतरवील तिथून वस्तीपर्यंत चालायचं होतं. बाईंचा उपास होता, तरी त्यांनी भाकरी बांधून हातात दिली. तिथं जाऊन काय बोलणार, हे काही त्यांनी विचारलं नाही.

दार हळूच ओढून घेऊन ते स्टँडच्या वाटेला लागले.