नाक जमलंय का?

लाकडी जिन्याच्या विसाव्या की एकविसाव्या वळणाशी तेओफिलने कठडा सोडला आणि कोटाच्या आतल्या खिशावर हात दाबून पाहिले. पत्र जागेवर होते. सदतीस वर्षे त्याने त्या पत्राला उत्तर दिले नव्हते, आणि आज सकाळी घरातून निघताना, का कोण जाणे, शब्दकोशाच्या जाड खंडातून ते काढून खिशात घातले होते.

"प्रोफेसर, छातीत दुखतंय का?" मागून गेनोवेफाबाईंनी विचारले. "दुखत असेल तर आत्ताच सांगा. खाली गेल्यावर तुम्हाला उचलून आणायला मी काय विशीतली आहे?"

"नाही हो. चष्मा घेतलाय का ते बघत होतो."

"चष्मा नाकावर आहे तुमच्या."

मागच्या दोघी-तिघी हसल्या. तेओफिलही ओशाळून हसला. तो प्रोफेसर कधीच नव्हता. पोलंडमधल्या क्राकुव शहरातल्या एका शब्दकोश कार्यालयात चाळीस वर्षे त्याने शब्दांची कार्डे लिहिली, लावली आणि पुन्हा तपासली, एवढेच. गेनोवेफाबाई त्याच्या खालच्या मजल्यावर राहत. तीस वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढल्यामुळे त्या विनंती करत नसत, हुकूम सोडत. पेन्शनरांच्या सहलीला त्यांची बहीण येणार होती. तिचा पाय मुरगळला. "तिकीट वाया जातंय, कोट घाला आणि चला," असे त्यांनी दारातूनच सांगितले. कुठे, ते विचारायचे त्याला बसमध्ये बसल्यावर सुचले. मिठाची खाण म्हटल्यावर तो उठून उभा राहिला होता. पण बस सुटली होती, आणि चालत्या बसमध्ये आरडाओरडा करून उतरणे त्याच्याच्याने झाले नसते. मात्र मग पत्र घरूनच खिशात कसे आले होते? याचे उत्तर तो स्वतःलाही सरळ देत नव्हता. इमारतीच्या फाटकावरची ह्याच सहलीची जाहिरात त्याने आठवडाभर येता-जाता वाचली होती.

जिना संपला तेव्हा पितळी बटणांच्या काळ्या गणवेशात एक तरुण बाई उभी होती.

"श्चेंश्च बोझे!" ती मोठ्याने म्हणाली. देव यश देवो. "मी मार्त्सेलिना. आज तुम्हाला मीच फिरवणार. इथे खाली 'सुप्रभात' चालत नाही हं. सकाळ झालीय की नाही हे इथे कुणाला कळतंय?"

सगळ्यांनी एका सुरात उलट तेच म्हटले. तेओफिलला ते शब्द फार जुन्या ओळखीचे होते. क्राकुवातल्या वसतिगृहात, तिसऱ्या मजल्यावर, खोलीचे दार लाथेने उघडून कुणीतरी रोज हेच म्हणत असे. "तेओ, श्चेंश्च बोझे! पुस्तकातून डोकं काढ, आत गॅस साठलाय." अल्बिन वोयतास. खाणकामगाराचा मुलगा, खाणीच्या गावातून आलेला, आणि आठ जणांच्या खोलीत दहाही बोटांनी टाइप करू शकणारा एकटाच.

सगळे पुढे निघाले. भिंती बाटलीच्या काचेसारख्या काळपट हिरव्या होत्या. गेनोवेफाबाईंनी इकडेतिकडे पाहिले आणि पटकन भिंतीला जीभ लावली.

"खारट आहे," त्या म्हणाल्या.

"मिठाच्या खाणीत अजून काय लागणार, बाई? साखर?" मागून एक म्हातारा म्हणाला.

"स्वतः बघितल्याशिवाय मी डॉक्टरांवरसुद्धा विश्वास ठेवला नाही कधी. प्रोफेसर, तुम्हीही चाटा."

"राहू दे."

"तुमचं सगळंच राहू दे," त्या म्हणाल्या आणि पुढे झाल्या.

पत्र त्याला तोंडपाठ होते. अल्बिनची अक्षरे मोठी, उजवीकडे झुकलेली. "तेओ, इथे खाली मी आता पुतळेही करतो, मिठाचे. तुला पोकुत्निकांत बसवलंय. सगळ्यांत पुढे. तिथेच तू शोभतोस. तुझ्या कोशात हा शब्द असेलच. एकदा ये आणि बघून जा. एवढंच कळव, नाक जमलंय का? अल्बिन."

पोकुत्निक. पत्र आले त्या दिवशी तेओफिल कार्यालयात लवकर गेला होता. 'प'चा खण ओढून त्याने कार्ड काढले. अक्षर त्याचेच होते. 'पापाचे प्रायश्चित्त घेणारा. पूर्वी चर्चच्या दाराबाहेर उभा केला जाणारा पापी.' अर्थ एकच, दुसरा नव्हता. त्याने कार्ड परत ठेवले आणि खण लोटला. म्हणजे अल्बिनला कळले होते. इतकी वर्षे गप्प राहून शेवटी त्याने ते मिठात कोरून ठेवले होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहावे म्हणून. आणि वर नाकाची चौकशी! अशा पत्राला माणूस काय उत्तर देणार?

एकोणीसशे अडुसष्टचा मार्च. विद्यार्थ्यांची सरकारविरोधी पत्रके सापडली होती, आणि त्यांच्या खोलीतल्या आठही जणांना डीनच्या दालनात एकेकाला बोलावले. आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे. तेओफिल अदामुस पहिला. आत डीन नव्हतेच. करड्या कोटातले, गुप्त पोलिसांचे दोन गृहस्थ होते. ते ओरडले नाहीत. एकाने त्याला चहासुद्धा दिला. दोन तासांनी, सगळे संपल्यासारखे वाटत असताना, दुसरा सहज म्हणाला, ही पत्रके फार सफाईने टाइप केली आहेत, नाही? तेओफिलला चुकीचे किंवा अर्धवट वाक्य सहन होत नसे. तो म्हणाला, "सफाईनं टाइप करणारा आमच्यात फक्त वोयतास आहे. दहा बोटांनी." वाक्य अचूक होते. ते तोंडातून गेल्यावर त्याला त्याचा अर्थ कळला.

बाहेर सातही जण भिंतीला टेकून उभे होते. त्याने खाली मान घालून सांगितले, "आत काही नाही. टाइपरायटरचं विचारतात. टाइपरायटर कुणाकडेच नाही म्हणा." बाकीचे सहा सुटले. अल्बिनचे नाव आठवड्याने विद्यापीठातून काढले. तो गावी गेला आणि बापाच्या खाणीत उतरला.

"सांभाळून, इथे पायरी आहे," मार्त्सेलिना म्हणाली. "हे दालन मला सगळ्यांत आवडतं."

दालन ठेंगणे होते. पिवळ्या दिव्याखाली मिठाची पाच माणसे जमिनीवर सरपटत होती. पोटावर, कोपरांवर, हातात लांब काठ्या, काठ्यांच्या टोकाला मिठाच्याच ज्वाळा. पुढे साखळी लावलेली होती.

"हे पोकुत्निक," मार्त्सेलिना म्हणाली.

तेओफिल मागे सरकला. त्याची पाठ कुणाच्या तरी पिशवीला लागली.

"म्हणजे पापी?" गेनोवेफाबाईंनी विचारले. "काय केलं होतं ह्यांनी? चोरी?"

मार्त्सेलिना हसली. "सगळे पाहुणे हेच विचारतात. पापी कसले, बाई! खाणीतले सगळ्यांत जुने, सगळ्यांत धीराचे लोक हे. खाणीत गॅस साठतो. हलका असतो, छताला जाऊन बसतो. खाली कुणी दिवा घेऊन गेलं की सगळेच खलास. म्हणून रोज, बाकी कुणीही आत जायच्या आधी, हे ओले कपडे घालून असे सरपटत जायचे. वरचा गॅस थोडा थोडा जाळून टाकायचे. परत यायचे आणि सांगायचे, 'चला, आत काही नाही.' मग बाकीच्यांनी जायचं. चर्चमध्ये पापी माणसं लोटांगण घालतात ना, तसे दिसायचे म्हणून थट्टेनं हे नाव पडलं. पण ज्याला ते मिळायचं, तो गावातून छाती काढून चालायचा. माझ्या पणजोबांच्या थडग्यावर हाच शब्द आहे."

तेओफिलने पुन्हा त्या पाच जणांकडे पाहिले. सदतीस वर्षे. एक खण, एक कार्ड, एक अर्थ. मार्त्सेलिनाच्या पणजोबांच्या थडग्यावर खोदलेला शब्द, आणि त्याच्या कार्डावर त्याची अर्धीच बाजू.

"आणि तो पुढचा?" कुणीतरी विचारले. "त्याला चष्मा कसा?"

सगळे पुढे वाकले. तेओफिललाही वाकावेच लागले. सर्वांत पुढच्या माणसाच्या डोळ्यांवर गोल चष्मा होता. डाव्या कानामागे चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलेला. तो दोरासुद्धा मिठात एकेक वेढा दिसेल असा कोरला होता. विद्यार्थिदशेत तेओफिलची ती काडी मोडली होती, आणि नवी घ्यायला पैसे नव्हते म्हणून अल्बिननेच ती काळ्या दोऱ्याने बांधून दिली होती. खांदे पुढे आलेले, मान किंचित उजवीकडे. तरुणपणचा तो स्वतः, पोटावर, छताकडे आग धरून.

"ह्याची गंमतच आहे," मार्त्सेलिना म्हणाली. "शिल्पकार आमच्यातलेच, अल्बिनकाका. आता ऐंशीला टेकलेत, गुडघे गेलेत, खाली येत नाहीत. वर कामगारांच्या वसाहतीत राहतात. चष्म्याचा पोकुत्निक कुणी बघितलाय का, असं आम्ही त्यांना विचारतो. तर म्हणतात, मी बघितलाय. हा सगळ्यांच्या आधी आत गेला आणि बाहेर येऊन आम्हाला सांगितलं, आत काय आहे ते. यापेक्षा जास्त बोलत नाहीत."

तेओफिलने साखळी धरली. साखळी हलली, खणखणली.

"आणि नाक?" त्याने विचारले. "नाक कुठाय ह्याचं?"

चष्म्याखाली नाक नव्हते. गालांच्या मधे एक गुळगुळीत, चकचकीत उंचवटा उरला होता.

"पोरांनी झिजवलं. क्राकुवातले विद्यार्थी परीक्षेच्या आधी येतात ना. चष्मेवाल्याच्या नाकाला हात लावला की पास होतो, असं कुणीतरी उठवलं. साखळी लावेपर्यंत नाक गेलं होतं. अल्बिनकाकांना सांगायचा आम्हाला धीर होत नव्हता. पण ते चिडले नाहीत. पोरं पास होतात ना, एवढंच म्हणाले. फक्त दर हंगामात एक विचारतात, कुणी येऊन नाकाबद्दल काही बोललं का?"

कोणीतरी हसले. तेओफिल भिंतीकडच्या बाकावर बसला, बसला म्हणण्यापेक्षा पडला. गेनोवेफाबाई तत्क्षणी त्याच्याजवळ होत्या. दोन बोटे त्याच्या मनगटावर, डोळे घड्याळाकडे.

"नाडी पळतेय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. थट्टा कुठल्या कुठे गेली होती. "काय होतंय? खरं सांगा."

त्याने त्या पुतळ्याकडे बोट दाखवले. त्यांनी पुतळ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. बराच वेळ पाहिले. त्याचे खांदे, त्याची मान.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, आणि बाकीच्यांना ऐकू जाईल असे मोठ्याने, "प्रोफेसरांना जरा चक्कर आली. तुम्ही व्हा पुढे, मी आहे."

सगळे गेल्यावर दालनात दिव्याची गुणगुण तेवढी राहिली.

"मित्र होता?"

"हो."

"मग ही तर चांगली गोष्ट झाली. एवढं सुंदर केलंय त्यानं तुम्हाला."

"त्याला माहीत नाही," तेओफिल म्हणाला. "मी आत काय बोललो, ते त्याला माहीतच नाही."

गेनोवेफाबाईंनी पिशवीतून उकडलेले अंडे काढले, बाकाच्या कडेवर फोडले, सोलले आणि त्याच्या हातात ठेवले. त्याने ते तसेच खाल्ले.

खाणीतल्या उपाहारगृहाशेजारी टपालाची खिडकी होती. पाहुणे तिथून घरी कार्डे पाठवत. त्यावर खाणीचा शिक्का पडे. तेओफिलने एक कार्ड आणि एक तिकीट घेतले आणि उभ्यानेच फळीवर लिहायला घेतले. आयुष्यभर त्याने प्रत्येक वाक्य आधी कच्चे लिहिले होते. आज कच्चे लिहायला कागद नव्हता.

"अल्बिन, उशिरा आलो. नाकाचं सांगता येत नाही, ते राहिलं नाही. चष्मा बरोबर आहे, दोरासुद्धा. दहा बोटांचं आत मीच सांगितलं होतं. तुझ्या खाणीतला अर्थ आमच्या कोशात नव्हता. कोशातला जो आहे, तोच मला लागू पडतो. तेओ."

खाली त्याने आपला पत्ता घातला, घरक्रमांकासह, प्रत्येक अक्षर सुटे, जसे तो कार्डांवर लिहीत असे. पलीकडच्या बाजूला अल्बिनचे नाव आणि कामगारांची वसाहत. घरक्रमांक त्याला माहीत नव्हता.

"एवढ्या पत्त्यावर पोचेल का?" त्याने खिडकीतल्या बाईला विचारले.

"वोयतासकाकांना? वर खाणीच्या दारापासून चारशे पावलांवर राहतात ते, आजोबा. तिकीट कशाला वाया घालवताय? वर गेल्यावर हातातच द्या की."

तेओफिलने तिकिटाला जीभ लावली. साखळी धरलेल्या बोटांचे मीठ जिभेला लागले. तिकीट त्याने कार्डाच्या कोपऱ्यावर अंगठ्याने दाबून बसवले, कडा नीट बसल्याची खात्री केली, आणि कार्ड पेटीच्या तोंडाशी नेले. तिथे त्याचा हात थांबला. खिडकीतल्या बाईने मान वर केली.

कार्ड आत पडले. पेटी रिकामी असावी. आवाज बराच मोठा झाला.